स्ट्रॅटमधून जुना आवाज काढायचा, तर आधी पिकअप बदलायचे की बाकीचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हातात इंडोनेशियात बनलेली, स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या) धर्तीची, तीन सिंगल कॉइल पिकअपची गिटार आहे. (पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग.) नेक छान आहे, सूर टिकतात, त्यामुळे ती विकायची नाही. हवाय तो पन्नास-साठच्या दशकातल्या स्ट्रॅटचा स्वच्छ, खणखणीत, तरी कानाला न टोचणारा आवाज. कार्यक्रमात वायरलेसवर वाजवताना ब्रिजचा, म्हणजे तारा बॉडीला अडकतात त्या टोकाजवळचा, पिकअप कानात घुसतो. घरी सहा मीटरच्या केबलने इंटरफेसला (गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याला) जोडून व्हॉल्यूम जरा खाली आणला, की आवाज घुसमटतो. पंधरा हजार बाजूला काढलेत आणि विचारताय की पिकअप कुठले घ्यावेत, आणि ते तेलात बुडवलेले कागदी कपॅसिटर घेण्यात अर्थ आहे का.

कपॅसिटरचं आधीच सांगून टाकतो: घेऊ नका. पिकअपचं उत्तर लांबेल, कारण तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक पिकअपमध्ये नाही. पहिली तक्रार केबल नसल्याची आहे आणि दुसरी केबल जास्त असल्याची. नवे पिकअप बसवलेत तरी त्या दोन्ही तशाच राहतील, फक्त महाग पडतील.

का, ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. एवढ्या वेढ्यांमुळे त्याला बरंच इंडक्टन्स येतं. जुन्या धर्तीच्या स्ट्रॅट पिकअपचं साधारण २.२ ते २.५ हेन्री असतं. केबल ही तुम्हाला नुसती तार वाटते, पण आतली तार आणि भोवतालची जाळी मिळून तिचा एक लांबलचक कपॅसिटर होतो, मीटरमागे ढोबळमानाने १०० पिकोफॅरडचा. हे इंडक्टन्स आणि ही कपॅसिटन्स एकत्र आली की ठरावीक फ्रिक्वेन्सीला आवाजाला उंचवटा येतो आणि त्याच्यावरचं सगळं झपाट्याने गळतं. तीन मीटरची केबल असेल तर हा उंचवटा साधारण साडेचार हजार हर्ट्झच्या आसपास येतो. सहा मीटरची असेल तर साडेतीन हजारांच्या जवळ उतरतो. ट्रान्समीटर थेट गिटारच्या जॅकमध्ये खोचला, म्हणजे केबल जवळजवळ शून्य झाली, की तोच उंचवटा सात हजारांच्या वर पळतो. पिकअप तोच, गिटार तीच, हात तेच. सतारीची जवारी खुली की बंद यावर एकाच तारेचा आवाज कसा बदलतो ते ऐकलं असेल, तर हा फरक तुम्हाला लगेच कळेल.

उंचवटा कुठे येतो ते केबल ठरवते आणि किती उंच येतो ते पॉट, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे फिरते रोध, ठरवतात. २५० के (किलोओहम) चा पॉट तो उंचवटा बसका करतो, ५०० के चा तो टोकदार ठेवतो. म्हणून मी पिकअप, पॉट, कपॅसिटर आणि केबल यांना चार वेगळ्या वस्तू मानत नाही. तो एकच सर्किट आहे आणि ‘जुना आवाज’ हा त्या सगळ्याचा मिळून आहे. त्या काळी गिटारवाला लांब, बऱ्याचदा पिळदार केबल थेट व्हॉल्व्हच्या अँपमध्ये लावायचा. मध्ये बफर नाही, वायरलेस नाही. वरची बरीच धार वाटेतच मरायची, आणि आपण आज जिला गोडवा म्हणतो त्यात त्या गळतीचा मोठा वाटा आहे.

आता ‘पारंपरिक’ म्हणजे नक्की कुठलं, हेही ठरवावं लागेल. स्ट्रॅट आली १९५४ मध्ये. फायबरच्या पट्ट्यांमध्ये उभे अल्निको (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचे) चुंबक, त्यांच्याभोवती ४२ गेजची, फॉर्मव्हार नावाचा थर चढवलेली तार, डीसी रोध साडेपाच ते साडेसहा किलोओहम. तीन पॉट, तिन्ही २५० के. दोन टोन पॉटना मिळून एकच ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ब्रिजच्या पिकअपला टोन नाहीच. पिकअप निवडायचा स्विच तीनच जागांचा. पाच जागांचा स्विच कारखान्यातून यायला १९७७ उजाडलं. त्याआधी लोक स्विच दोन खाचांच्या मध्ये अडकवून ते ‘क्वॅक’ काढायचे. १९६४ च्या सुमारास तारेवरचा थर बदलून साधा एनॅमल आला आणि जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीकडे गेली. त्यामुळे ‘५४ चा आवाज’ आणि ‘६५ चा आवाज’ म्हणून वेगवेगळे संच विकले जातात. फरक आहे, पण सांगायचं तर तुमच्या केबलच्या लांबीने जेवढा फरक पडतो तेवढा नाही.

आता कामाला लागू. पहिलं काम फुकटाचं आहे: पिकअपची उंची. स्वस्त गिटारी दुकानातून येतात तेव्हा पिकअप बहुधा तारांना भिडतील इतके वर असतात, म्हणजे दुकानात वाजवून पाहताना आवाज मोठा लागतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि तारेच्या खालून पोलपर्यंतचं (पिकअपच्या माथ्यावर दिसणाऱ्या गोल खुंटीपर्यंतचं) अंतर बघा. जुन्या धर्तीच्या सिंगल कॉइलसाठी फेंडरचीच शिफारस जाड ई च्या बाजूला २.४ मिलिमीटर आणि बारीक ई च्या बाजूला २ मिलिमीटर अशी आहे. मोजपट्टी धरायला तिथे जागा नसते. एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं. तीन कार्डं एकावर एक ठेवली की जाड बाजूचं माप मिळालं. बारीक बाजूला दोन कार्डं सैल बसतील आणि तिसरं जाणार नाही, इतपत ठेवा. (पोलला कार्ड घासू नका, चुंबकी पट्टी आहे. जुनं, बंद पडलेलं कार्ड घ्या.) नेकचा पिकअप मी याहून थोडा खालीच ठेवतो, कारण तिथे तारेचं हेलकावणं मोठं असतं. अल्निकोचा पिकअप फार वर आला की चुंबक तारेला ओढतो आणि बाराव्या फ्रेटच्या वर जाड तारांवर एकाच वेळी दोन सूर डगमगल्यासारखे ऐकू येतात. गिटार बेसूर झाली म्हणून लोक ब्रिज उघडून बसतात, आणि इलाज असतो स्क्रू दोन फेरे सैल करण्याचा.

दुसरं काम घरच्या घुसमटीचं. आधी इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय झी’ चं बटण दाबलेलं आहे का ते बघा. लाइन इनपुटचा रोध बराच कमी असतो, तो पिकअपला अक्षरशः दाबून टाकतो. ते ठीक असेल तर सहाऐवजी तीन मीटरची केबल घ्या. आणि हेडफोनवर वाजवत असाल तर कॅबिनेट सिम्युलेशन (अँपच्या स्पीकरची नक्कल करणारं सेटिंग) चालू ठेवाच. बारा इंची गिटार स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही. ती चाळणी काढून टाकली तर जगातला उत्तमातला उत्तम पिकअपही डासासारखा गुणगुणतो.

कार्यक्रमातल्या धारेचा इलाज पाच-दहा रुपयांचा आहे. तुमच्या वायरलेसला कमरेला लावायचा पॅक आणि छोटी केबल असेल, तर त्या केबलच्या प्लगच्या आत, टोक आणि आवरण यांच्यामध्ये, ४७० पिकोफॅरडचा छोटा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा. त्याच्यावर ४७१ लिहिलेलं असतं. झाली साडेचार मीटर केबल तयार. गिटारच्या जॅकवर तो बसवू नका, नाहीतर घरी तीन मीटरच्या केबलवर त्याची भर पडेल आणि पुन्हा घुसमट. ट्रान्समीटर थेट जॅकमध्ये खोचायच्या जातीचा असेल, तर त्यात केबलचा आवाज आणणारं सेटिंग आहे का ते बघा. बऱ्याच जणांकडे असतं आणि त्यांना पत्ता नसतो.

एवढं करून आठवडाभर वाजवा. माझ्याकडे ‘पिकअप बदलून द्या’ म्हणून येणाऱ्यांपैकी बरेच जण या टप्प्यावर निम्मे शांत होतात.

तरी जीव रमत नसेल तर पिकगार्ड उघडा. आत दोन गोष्टी वाचायच्या. पॉटच्या पाठीवर किंवा अंगावर बी ५०० के, ए २५० के असं काहीतरी असतं. आशियाई पॉटवर ए म्हणजे लॉग, म्हणजे ऑडिओ, आणि बी म्हणजे लिनिअर. स्वस्त गिटारमध्ये बी ५०० के निघाला तर ब्रिजच्या कर्कशपणाचं निम्मं कोडं तिथेच सुटलं. कपॅसिटर बहुधा हिरव्या किंवा तपकिरी गोळीसारखा असतो आणि त्यावर २ए४७३जे अशी अक्षरं. त्यातलं ४७३ म्हणजे ४७ वर तीन शून्यं, पिकोफॅरडमध्ये, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड. २ए म्हणजे १०० व्होल्ट, जे म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे. गिटारच्या आत फार तर एखादा व्होल्ट असतो, त्यामुळे ४०० किंवा ६०० व्होल्टचा भलामोठा कपॅसिटर कोंबण्याचं काहीच कारण नाही.

पॉट बदलताना तीनही २५० के, ऑडिओ घ्या, आणि दुकानातच मल्टिमीटरने मोजून घ्या. पॉटवर लिहिलेला आकडा वीस टक्के इकडेतिकडे असू शकतो, म्हणजे २५० चा पॉट २०० ही निघतो आणि ३०० ही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत काउंटरवर मोजू देतात, फक्त गर्दीच्या वेळी जाऊ नका. जास्त भरलेला पॉट व्हॉल्यूमला लावा. गिटारमध्ये आधीच बसलेला पॉट मोजायचा असेल तर त्याची एक तार सुटी करा, नाहीतर मीटरवर पॉटऐवजी पिकअपचे पाच-सहा किलोओहम दिसतील आणि पॉट जळालाय असं वाटेल.

ब्रिज इतका बोचरा का, याचं आणखी एक कारण मूळ रचनेतच आहे. नेक आणि मधल्या पिकअपवर व्हॉल्यूम आणि टोन असे दोन पॉट समांतर असतात, म्हणून टोन दहावर असला तरी त्यांच्यावर १२५ के चा भार पडतो. ब्रिजवर टोनच नाही, त्यामुळे तो एकट्या २५० के वर मोकाट सुटतो. स्विचवर एक छोटी तार टाकून दुसरा टोन ब्रिजलाही जोडता येतो. संग्रहालयात ठेवायची गिटार नसेल तर मी हे सगळ्यांनाच सुचवतो. परंपरेत बसत नाही, पण साठच्या दशकातल्या अँपसमोर जे चालत होतं ते आजच्या पीए (कार्यक्रमातल्या ध्वनियंत्रणे) समोर चालेलच असं नाही.

आता कपॅसिटर. टोन दहावर असतो तेव्हा कपॅसिटरच्या रांगेत पूर्ण २५० के उभा असतो, त्यामुळे तो कागदी, तेलातला की साधा पॉलिएस्टर, हे कानाला कळण्याचा प्रश्नच येत नाही. टोन दहापासून तीन-चारपर्यंत असताना कपॅसिटन्स ०.०२२ आहे की ०.१ याचाही फारसा पत्ता लागत नाही. फरक तळाला कळतो. शून्यावर ०.१ लावला तर उंचवटा ३०० हर्ट्झच्या जवळ उतरतो आणि आवाज पार गुबगुबीत, शब्द न कळणारा होतो. ०.०२२ लावला तर तो ७०० च्या आसपास थांबतो आणि नाकातला, पण वाजवण्याजोगा आवाज मिळतो. पन्नासच्या दशकातलंच हवं तर १०४ लिहिलेला घ्या, टोन शून्यावर नेऊन खरंच वाजवायचं असेल तर २२३. दोन्ही पाच-दहा रुपयांत येतात, दोन्ही आणा, मगरीच्या चिमट्याने लावून ऐका. जुन्या गिटारांमधल्या कपॅसिटरला लोक जी जादू चिकटवतात, ती बऱ्याचदा वयाने कपॅसिटन्स सरकलेल्या कपॅसिटरची असते.

व्हॉल्यूम खाली आणल्यावर धार जाते, त्यावर एका तारेचा उपाय आहे. स्ट्रॅटच्या स्विचला दोन बाजू असतात. टोनकडे जाणाऱ्या बाजूचा सामाईक पाय आणि पिकअपकडच्या बाजूचा सामाईक पाय छोट्या तारेने जोडलेले असतात. ती तार काढा, आणि टोनच्या बाजूचा तो पाय व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायाला न्या. आता टोन व्हॉल्यूमच्या पुढे आला. व्हॉल्यूम सहा-सातवर आणला तरी धार बरीच टिकते. याला ‘फिफ्टीज वायरिंग’ म्हणतात, पण ती पन्नासच्या दशकातल्या गिब्सन कंपनीच्या गिटारांची पद्धत आहे, स्ट्रॅटची नाही. शुद्धतावाद्यांनी नाक मुरडलं तर मुरडू द्या. एक किंमत मोजावी लागते: व्हॉल्यूम कमी असताना टोन फिरवला की आवाजही थोडा खालीवर होतो. ट्रेबल ब्लीड नावाचा कपॅसिटरही मिळतो, पण तो माझ्या कानाला व्हॉल्यूम खाली आणल्यावर आवाज पातळ करतो. चव ज्याची त्याची.

मग पिकअप. आधी असलेले ओळखा. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम दहावर, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मीटर लावून एकेक पिकअपचा रोध मोजा. पिकगार्ड उघडलेलाच असेल तर पिकअपच्या पोटाखाली बघा. खाली आडवी चुंबकाची कांडी चिकटवलेली असेल तर तो सिरॅमिक, आणि वरचे पोल नुसते लोखंडी आहेत. कांडी नसेल आणि उभे पोलच चुंबक असतील तर अल्निको. लोखंडी गाभ्यामुळे इंडक्टन्स वाढतं, म्हणून सिरॅमिकवाला पिकअप तेवढ्याच रोधातही जाड, जरा टणक वाजतो. त्याला वाईट म्हणणार नाही, पण तुम्हाला हवा तो आवाज त्याचा नाही. इथे मात्र खर्च करणं सार्थकी लागतं.

विकत घेताना किलोओहमच्या मागे लागू नका. विक्रेते तो आकडा ताकदीसारखा मिरवतात. तो फक्त तार किती लांब आणि किती बारीक आहे एवढंच सांगतो. जुन्या आवाजासाठी साडेपाच ते साडेसहाच्या मधला, अल्निको ५, ४२ गेजचा संच बघा. सीमोर डंकनचा एसएसएल-१ या प्रकारातला वर्षानुवर्षं चाललेला आहे, फेंडरचे प्युअर व्हिंटेजही आहेत. टेक्सस स्पेशलसारखे जास्त वेढ्यांचे संच ब्लूजवाल्यांना आवडतात आणि चांगलेच आहेत, पण तुम्ही मागितलेला आवाज तो नाही. टोनरायडरसारखे स्वस्त अल्निको संचही मी ग्राहकांना बसवून दिलेत, आणि तुमच्या बजेटमध्ये मी आधी तेच ऐकेन.

दोन गोष्टी मात्र नीट वाचून घ्या. एक म्हणजे पोलची उंची. मूळ स्ट्रॅटच्या काळात तिसरी तार, जी, गुंडाळलेली असायची, म्हणून तिच्याखालचा पोल उंच केलेला होता. आज ०९ किंवा १० च्या (बारीक तारांच्या) सेटमध्ये ती तार साधी असते आणि त्या उंच पोलवर ती इतरांपेक्षा ओरडते, बी मात्र दबते. गुंडाळलेल्या जी चा सेट लावणार नसाल तर सपाट किंवा नव्या मांडणीचे पोल घ्या. दुसरी म्हणजे मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा घ्या. जुन्यात तसा नसायचा, पण त्याने स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेला घरघर जाते. आपल्याकडे पंख्याचे रेग्युलेटर, स्वस्त एलईडी, जुन्या इमारतींचं अर्धवट अर्थिंग, यात निदान दोन जागा तरी शांत हव्यात. आणि तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पिकअपचा विचार बाजूला ठेवून आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या. अँपच्या प्लगची तिसरी पिन काढून घरघर बंद करणारे महाभाग अजून भेटतात. तसं चुकूनही करू नका.

हंबकरवाल्यांसाठी (दोन कॉइल जोडून घरघर मारणाऱ्या पिकअपवाल्यांसाठी) ओझरतं: गिब्सनच्या लेस पॉल धर्तीची गिटार असेल तर पॉट ५०० के, कपॅसिटर ०.०२२, आणि वर सांगितलेली वायरिंग तिथे खरोखर परंपरेतली आहे. गिब्सनच्या सेथ लव्हरच्या हंबकरचा पेटंट अर्ज १९५५ चा, मंजुरी १९५९ ची. त्या सुमाराच्या पिकअपवरच्या ‘पेटंट अप्लाइड फॉर’ या चिठ्ठीवरून त्यांना पीएएफ म्हणतात. त्यांचे वेढे एकसारखे नसायचे, रोध सातपासून नऊ किलोओहमपर्यंत काहीही निघतो. ‘अस्सल पीएएफ’ असा एकच आवाज कुणी विकत असेल तर कुठला, हे विचारा.

बसवण्याच्या अडचणी घरी कळतात, म्हणून आधीच सांगतो. अमेरिकी मोठ्या पॉटची आटे असलेली मान जाड असते, तुमच्या पिकगार्डचं भोक कानस मारून वाढवावं लागेल, आणि जुने नॉब त्याच्या दांड्यावर बसणार नाहीत कारण दाते वेगळे. जुन्या पद्धतीचा उघडा स्विच खोल जातो. स्वस्त गिटारची आतली पोकळी उथळ असली तर तो लाकडाला टेकतो. उघडल्यावर आधी काडीने खोली मोजा, मग खरेदी करा. पोल टू पोल अंतरही मोजा, जाड ई पासून बारीक ई पर्यंत, म्हणजे नव्या पिकअपचे पोल तारांखाली येतात का ते कळेल. पॉटच्या पाठीवर अर्थ सोल्डर करायला २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न पुरत नाही. ती तापायला इतका वेळ घेते की तोवर पॉटचा आतला ट्रॅक भाजतो. ५०-६० वॉटची घ्या, पाठ कानशीने खरवडा, झटक्यात काम संपवा.

तारा सुट्या करण्यापूर्वी वायरिंगचा फोटो काढा. जॅकवर मोजलेले तीन रोध, पॉटवरची अक्षरं आणि कपॅसिटरवरचा आकडा मला कळवा, आणि वायरलेस कुठल्या जातीचं आहे तेही. त्यावरून पंधरा हजारांतले किती खर्च करायचे ते ठरवू.